सरदाराची सही

माझ्या वडिलांनी एका इंग्रज सरदाराला संपवाला करून टाकलं. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. नंतर नंतर मी त्या सरदाराला घाबरायला लागले.

मी भाषांतरं करते. विम्याचे फॉर्म, मिक्सरची माहितीपत्रकं, कोर्टाचे कागद, जे येईल ते. नवऱ्याचा विषय कधीच मिटला आहे. तेव्हापासून मी आणि बाबा दोघंच लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत राहत होतो. बाबांनी ऐंशी ओलांडली होती. गिरणी बंद होऊन जमाना झाला, त्यांचा संप मात्र अजून चालू होता.

दादरच्या एका बाईंनी मला ते काम दिलं. त्यांच्या मुलीने इंग्लंडमध्ये तिथल्याच मुलाशी लग्न केलं होतं, आणि मुलाकडच्यांनी भेट म्हणून आपल्या घराण्याचा इतिहास दिला होता. चांगलं उशीएवढं जाड पुस्तक. बाईंना इंग्रजी जेमतेम. त्या म्हणाल्या, "अहो, लोक सोयरीक करण्याआधी घराणं बघतात. आम्हाला ते नंतर तरी बघू द्या. मराठीत करा, वीस प्रती काढू, घरच्यांपुरत्या." मला काम हवंच होतं, मी हो म्हटलं.

घराण्याचा मूळपुरुष म्हणजे हा सरदार. इकडे स्वराज्याची जुळवाजुळव चालली होती त्या सुमाराचा. त्याची पदवी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणारी होती, आणि नावाआधी 'सर' लागायचं. मी 'सर' असंच ठेवलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मास्तर होतो काय?" म्हणून मग सरदार. तिकडे राजा आणि संसद यांच्यात लढाई जुंपली, हा राजाच्या बाजूने गेला. राजा हरला, राजाचं मुंडकं उडवलं, आणि याची जमीन, घर, सगळं जप्त झालं.

माझी कामाची एक सवय आहे. लिहायला बसण्याआधी मी उताऱ्याचं मराठी एकदा तोंडाने करून बघते. समोर इंग्रजी पुस्तक धरायचं आणि मोठ्याने सरळ मराठीत वाचत जायचं. शब्द सापडत नाही तिथे थांबायचं, मागे यायचं, परत जायचं. ऐकणाऱ्याला वैताग येईल असं ते वाचन असतं. बाबांना येत नसे. चारच्या चहाला ते कॉटवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "काय गो, तुझो सरदार खंय पोचलो?"

राजा हरला त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे संप फुटलो," ते म्हणाले.

मी समजावलं की बाबा, हा जमीनदार आहे, शेकडो कुळं याच्या शेतात राबतात, हा तुमच्या गिरणीच्या मालकासारखा आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. हरलेल्याची बाजू ज्याने सोडली नाही तो आपला, एवढाच त्यांचा हिशोब. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्याकडे तर सुंभाची राख डब्यात जपून ठेवली होती.

पण त्यांचा कान पक्का होता, हे मला कबूल करायलाच हवं. सरदाराला आलेलं एक पत्र पुस्तकात होतं. संसदेच्या बाजूच्या माणसाचं. सुरुवात 'बंधो' अशी, मजकूर गोड. हट्ट सोडा, शपथेच्या कागदावर सही करा, मी वर बोलून ठेवतो, मुलांचा विचार करा. मी वाचलं, 'सरदाराच्या भावाने लिहिलं.' बाबांनी लगेच हात वर केला.

"हो भाव न्हय. मेवणो आसा."

"बाबा, इथे सरळ 'भाऊ' छापलंय."

"छापूंदे. भाव असतो तर पयली शिवी घातल्यान असती. इतक्या गोड मेवणोच लिवता."

मी वंशावळीची पानं उलटून बघितली. तो खरोखरच सरदाराच्या बायकोचा भाऊ निघाला. त्या काळी तिकडे मेहुण्यालाही सरसकट भाऊच म्हणत. आपल्याकडे मेहुणा, साडू, दीर असे वेगवेगळे खण केलेले आहेत, तिकडे सगळे एकाच पेटीत. मी ही गंमत दादरच्या बाईंना फोनवर सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. सोयऱ्यात केवढी गडबड झाली असती!"

बाबांना ते कसं कळलं, हे मी बाईंना सांगितलं नाही. संपात माझा मामा, आईचा सख्खा भाऊ, वर्षभराने गिरणीत आत गेला होता. आत जायचं तर कागदावर सही करावी लागायची, की मी स्वखुशीने कामावर येत आहे आणि यापुढे वाकडं वागणार नाही. मामाने भायखळ्याहून बाबांना पत्र लिहिलं होतं. तेही असंच गोड. सही करा, मी साहेबांशी बोललोय, पोरीचा विचार करा. पोर म्हणजे मी. आईने ते पत्र वाचून दाखवलं आणि ती फक्त म्हणाली, "करा ना सही." बाबांनी नाही केली. त्यांची अडचण कामाची नव्हती, मामाचीही नव्हती. अडचण त्या 'स्वखुशीने' शब्दाची होती. "माझी खुशी खंयची ती मी सांगतलंय, कागद सांगूचो नाय," असं ते म्हणाले होते. पुढे आई खानावळीचे डबे करायला लागली. चाळीस माणसांच्या पोळ्या दोन वेळा, पंधरा वर्षं. मी कॉलेजात असताना ती गेली. त्याबद्दल मी बाबांना कधी काही बोलले नाही. मनात मात्र रोज बोलत होते.

आता आमची चाळ पडायला टेकली होती. जिन्याखाली लोखंडी टेकू लावले होते, भिंतीवर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस चिकटली होती. रीडेव्हलपमेंटचं ठरलं. भाडेकरूंची कमिटी झाली, सगळ्यांनी सह्या केल्या. बाबा सोडून. करारनाम्यात एक वाक्य होतं, 'मी खोलीचा ताबा स्वखुशीने सोडत आहे.' बाबांनी भिंग घेऊन सगळा कागद वाचला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि कागद परत दिला.

कमिटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे, बाबांच्याच गिरणीतल्या एकाचा मुलगा. ते वर आले की दारात चपलाही काढत नसत, एवढे घाईत असत. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, समजवा ना त्यांना जरा. ऐंशी खोल्या आहेत, एक सही बाकी. एक! महिनाअखेरच्या रविवारपर्यंत झाली तर बिल्डर सगळ्यांना शिवडीला ट्रान्झिटमध्ये तात्पुरत्या खोल्या देतोय, जवळच्या जवळ. नाय झाली तर तो माणूस दुसरीकडे चाललाय. मग बसा टेकू मोजत."

मी समजावलं. रडले, भांडले, जेवण टाकलं. बाबा म्हणायचे, "शबूद काढूक सांग." सेक्रेटरींनी वकिलाला विचारलं. छापील मसुदा होता, सगळ्यांचा सारखा, शब्द निघणार नव्हता.

हळूहळू चाळ आमच्याशी बोलेनाशी झाली. मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. समोरची बाई वर्षानुवर्षं गणपतीला आमच्याकडून आरास करायला साड्या न्यायची, ती मान फिरवून जायला लागली. मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर दगड मारला असता.

त्यातच, मुदतीच्या रविवारआधीच्या आठवड्यात, पुस्तकात शपथेचं प्रकरण आलं. मी नेहमी दोन-तीन प्रकरणं आधी चाळून ठेवते, त्यामुळे मंगळवारीच मला कळलं. संसदेचा कायदा असा होता की हरलेल्यांनी कमिटीपुढे यायचं (तिकडेही कमिटीच होती), दंड भरायचा आणि शपथेवर सही करायची. मग घर परत. शपथेत शब्द होते, की मी हे कोणाच्याही दबावाविना, मनापासून करत आहे. याला मराठीत एकच शब्द बसत होता, आणि तो मला नको होता.

सरदाराने सही केली नाही. मेहुण्याचं दुसरं पत्र आलं, तिसरं आलं, हा हलला नाही. बायको मुलांना घेऊन लंडनला गेली, कमिटीच्या दारात महिनोन्‌महिने उभी राहिली, मुलांपुरता वाटा मागितला. तो मिळेपर्यंत ती खंगली. सरदार एका दुकानाच्या वरच्या भाड्याच्या खोलीत मेला. राजाचा मुलगा पुढे गादीवर परत आला, घराण्याला मान परत मिळाला, पण हे बघायला तो नव्हता, तीही नव्हती. पुस्तकाने त्याला मोठा मानाचा मुजरा केला होता. मी पुस्तक मिटलं. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली.

बुधवारी सकाळी गॅलरीचा तुकडा पडला. मी कपडे वाळत घालून आत वळले होते, चिमटे घ्यायला. मागे आवाज झाला, बाहेर आले तर दोरी होती, कपडे होते, खालची फरशी नव्हती. बादली खाली चौकात चेपून पडली होती. त्या फरशीवर रोज शेजारची तीन वर्षांची मुलगी खेळायची. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती घरात होती. मी दाराला धरून उभी राहिले. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी भोकाकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे.

गुरुवारी चहाला त्यांनी विचारलं, "तुझ्या सरदाराक पण सही मागल्यानी ना? कित्याक थांबलंस मगे? वाच पुढे."

मी म्हटलं, अजून वाचलं नाही.

"तो काय करता ता कळांदे. मगे मी सेक्रेटरीक सांगतंय."

ते थट्टेत म्हणाले की खरं, मला आजही ठाऊक नाही. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मला एवढंच ऐकू आलं, की चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका हट्टी माणसाच्या हातात आता आमची ऐंशी घरं होती. आणि त्याने काय केलं हे फक्त मला माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी बाबा दूध आणायला खाली उतरले, तेवढ्यात मी दोन पानं लिहून काढली. आयुष्यात मी एक शब्द पदरचा घातलेला नाही. मिक्सरच्या माहितीपत्रकातसुद्धा नाही. त्या दिवशी अख्खी दोन पानं घातली. सरदार घोड्यावरून लंडनला गेला. वाटेत बायको म्हणाली, तुम्ही जिंकलात तर घराला काय, हरलात तर घराला काय, चूल तीच आहे. कमिटीपुढे त्याने शपथ वाचली, त्या शब्दापाशी थांबला, खिडकीतून खाली उभ्या असलेल्या मुलीकडे बघितलं आणि सही केली. नंतर मेहुण्याने त्याला मिठी मारली. सगळं इतकं सुरेख जुळून आलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं.

चार वाजता ती पानं मी इंग्रजी पुस्तकात ठेवली आणि वाचायला बसले. पानं बाहेर दिसू नयेत म्हणून पुस्तक मांडीवर टेकवलं. बाबा भिंतीला पाठ लावून डोळे मिटून ऐकत होते. बाहेर कोणीतरी टेकूवर हातोडा मारत होतं, प्रत्येक घावाला जमीन हलत होती. मुलीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मी वर बघितलं नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"केल्यान सही," बाबा म्हणाले.

"हो."

"स्वखुशीने."

"तसंच लिहिलंय."

आता विचारतील, पान दाखव म्हणतील, असं वाटून मी पुस्तक मांडीवर दाबून धरलं. मग ते उठले, कप मोरीत नेऊन स्वतः विसळला. आयुष्यात पहिल्यांदा. "सेक्रेटरीक सांग, आयतवारी पेन घेऊन येवंदे," एवढंच म्हणाले.

रविवारी त्यांनी सही केली. प्रत्येक पानावर, पूर्ण नाव, वळणदार. त्या शब्दाच्या पानावर ते थांबले, बोट ठेवलं, आणि मग खाली सही केली. सेक्रेटरींनी वाकून नमस्कार केला. समोरच्या बाईने पेढे आणले. मी आत जाऊन मोरीत तोंडात पदर कोंबून रडले. सुटल्याचं रडू होतं, आणि चोरी केल्याचंही.

महिन्याभरात आम्ही शिवडीला आलो. ट्रान्झिटची खोली पाचव्या मजल्यावर, खिडकीतून गोदामं आणि त्यापलीकडे चिखलाची खाडी. चाळ पाडली तेव्हा बाबा बघायला गेले नाहीत. चहाला ते अजून चारलाच बसत, पण सरदाराचं नाव काढत नसत. मी भाषांतर पुरं केलं. दादरच्या बाईंना दिलं ते अक्षरशः खरं. सरदार सही करत नाही आणि मरतो. तिथे खोटं लिहिण्याची माझी हिंमत झाली नाही, त्यांचे सोयरे होते ते. बाबांना मी सांगितलं की पुस्तक बाईंच्या घरापुरतंच आहे, बाहेर द्यायचं नाही.

पण खोट्याच्या कपाळी गोटा. दिवाळीच्या आधी कुरियर आलं, माझ्या नव्हे, बाबांच्या नावाने. आत एक बांधलेली प्रत, आणि पहिल्या पानावर बाईंचं अक्षर: 'मेहुणा ओळखणाऱ्या आजोबांना, कृतज्ञतेने.' मी बाजारातून आले तेव्हा बाबा खिडकीत बसले होते. मांडीवर पुस्तक, हातात भिंग. ते कुठल्या पानावर आहेत हे लांबून दिसत नव्हतं. पिशवी माझ्या हातातच राहिली.

"बाबा, ते पुस्तक..."

"बस," ते म्हणाले. "तेना सही केल्यान नाय."

मी बसले. म्हटलं, "नाही केली. मी खोटं वाचलं. तुम्ही वाचलंत ना आता."

"आता खंय? सहीपर्यंत अजून पोचलंयच नाय. भिंगातसून दिसाक येळ लागता." त्यांनी पुस्तक मिटलं. "माका त्या दिसाच कळला. तू रोज वाचताना अडखळतंस. शबूद गावना नाय, मागे येतंस, परत जातंस. त्या दिसा एकदा पण अडखळलंस नाय. सरळ वाचत गेलंस, पाणी व्हावल्यासारख्या. तेव्हाच समाजलंय, ह्या पुस्तकातला न्हय, ह्या हिचाच आसा."

माझ्या कानशिलात कोणीतरी मारावी तसं झालं. आठ महिने मी या माणसापासून पुस्तक लपवत होते.

"मग सही का केलीत?"

त्यांनी भिंग खिडकीत ठेवलं. मग म्हणाले, "तुझी आवस पण सांगी, सही करा. सरळ सांगी. मी सरळ 'नाय' म्हणी. तिका खोटा बोलूक येय नाय." त्यांनी ओठ पुसले. "कोण माझ्यासाठी इतक्या घडवून खोटा बोलात, असा माका वाटला नव्हता. माका खुशी झाली गो. मगे त्या कागदावरचो शबूद खरो झालो. सही करूक हरकत खंयची?"

आईचे डबे, तिचे पिठाचे हात, मनातल्या मनात घातलेल्या सगळ्या शिव्या, सगळं एकदम वर आलं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. असं मी लहानपणीही केलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर पुस्तकच ठेवलं, हात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

"रडा नको. आता खरा वाच. तो मेलो कसो ता ऐकांदे माका."

मी डोळे पुसून ते प्रकरण काढलं. सगळं छापलेलं, माझंच मराठी, चार वेळा तपासलेलं. अडखळावं असं त्यात काही नव्हतं. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीत, सरदाराची बायको लंडनला निघते तिथे, अडखळले. मागे आले, परत वाचलं, परत तिथेच.

"हां," बाबा डोळे मिटत म्हणाले. "आता बरोबर. वाच."